बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यावर मिक्स्ड मीडिया : रोज वापरता येईल असा शिवणाचा डबा

शिवणाचा डबा सतत उघडतो, मिटतो, मांडीवर घेतला जातो, कपाटात दुसऱ्या डब्याखाली सरकवला जातो. त्यावर कागद, कापड, उठावाचं काम, बटणं, आरसे आणि रंग एकत्र आणायचे असतील तर सुंदर दिसण्याआधी दोन गोष्टींचा हिशेब करावा लागतो : काय कशाला चिकटणार आहे, आणि झाकण शेवटी बसणार आहे का. असे डबे खराब होतात ते सहसा डिझाइन चुकल्यामुळे नाही. पत्रा तेलकट राहिलेला असतो, झाकणाखालची कड रंगवलेली असते किंवा शेवटचा हात फेविकॉलचा दिलेला असतो.

इथली सगळी मापं साधारण २२ × १५ सें.मी. आणि ८ सें.मी. उंच, वरून बसणारं सुटं झाकण असलेल्या आयताकृती डब्यासाठी आहेत. झाकणाचं वरचं तोंड आणि डब्याच्या चार बाजू मिळून साधारण ९०० चौरस सें.मी. जागा होते. ओले थर सुकायला वेळ द्यावा लागतो, म्हणून काम पाच-सहा संध्याकाळींत विभागून घ्या. पावसाळ्यात कोकणपट्टीत किंवा मुंबईत हाच काळ सहज दुप्पट होतो.

सगळ्यात आधी झाकण

डबा बंद करा आणि झाकणाच्या खालच्या कडेला लागून डब्याभोवती टोकदार पेन्सिलने रेघ मारा. झाकण काढा. त्या रेघेच्या ३ मि.मी. खाली मास्किंग टेप लावा, अशी की टेपपासून वरचा सगळा पट्टा झाकला जाईल. या पट्ट्यावर प्रायमर, रंग, वार्निश काहीही जाऊ द्यायचं नाही. झाकणाच्या कडेचा आतला भागही तसाच कोरा ठेवायचा.

कारण जाडीचं आहे, पण तेवढंच नाही. प्रायमर, दोन हात रंग आणि वार्निश मिळून पाव मिलिमीटरचा थर सहज होतो, आणि पत्र्याच्या डब्याचं झाकण तेवढ्याने अडतं. जोर लावून बसवलं तर ॲक्रिलिकचे दोन रंगवलेले पृष्ठभाग दमट हवेत एकमेकांना धरतात, आणि पुढच्या वेळी झाकणाबरोबर रंगाचा पापुद्रा निघतो. हा पट्टा जवळजवळ सगळा झाकणाखाली जातो, त्यामुळे कोरा ठेवला तरी बाहेरून फक्त ३ मि.मी.ची बारीक रेघ दिसते.

मग डबा नेहमीसारखा उघडून पाहा. बोटं कुठे टेकतात? बहुतेकांचे अंगठे झाकणाच्या लांब बाजूंच्या मध्यावर येतात. तिथे दोन्हीकडे ५-६ सें.मी. जागा पेन्सिलने खुणेची करून ठेवा. तिथे फक्त कागद आणि रंग, उठाव नाही. झाकणावरच्या उठावाची उंची ६ मि.मी.च्या वर नको आणि बाजूंना ३ मि.मी. पुरे. शिंपले आणि टोकदार धातूच्या पानांचा मोह आवरा. शिंपला पहिल्याच धक्क्याला फुटतो आणि टोकदार पान शेजारच्या साडीचा धागा ओढतं.

पत्रा तयार करणं

डबा भांड्यांच्या साबणाने आतून-बाहेरून धुवा, पुसा, उन्हात तासभर ठेवा. दुमडलेल्या शिवणींत पाणी अडकतं आणि नंतर तिथूनच गंज फुटतो, म्हणून उन्हाचा हा तास टाळू नका. छापील लकाकी १८० नंबरच्या पॉलिश पेपरने मारायची आणि २२० ने एकसारखी करायची. छापील चित्र पूर्ण काढण्याची गरज नसते, फक्त चमक गेली पाहिजे. डबा फार जुना असेल तर त्या काळच्या रंगात शिसं असण्याची शक्यता असते. तो कोरडा घासू नका. वॉटर पेपर पाण्यात भिजवून घासा, मास्क लावा आणि निघालेला चिखल कागदाने पुसून टाकून द्या.

गंज असेल तर तारेच्या ब्रशने सुटा भाग काढा. शेवटी सुती फडक्यावर थोडं स्पिरिट घेऊन सगळा डबा पुसा आणि त्यानंतर पृष्ठभागाला बोटं लावू नका. हाताचा तेलकटपणा दिसत नाही, पण प्रायमर तिथेच सुटतो.

प्रायमर म्हणून हार्डवेअरच्या दुकानातला रेड ऑक्साइड मेटल प्रायमर उत्तम. तो तेलातला असतो. थोडं टर्पेंटाइन घालून पातळ करा आणि एक पातळ हात द्या. हाताला तो दोन-तीन तासांत कोरडा लागतो, पण त्यावर काम करण्यासाठी पूर्ण २४ तास थांबा. पूर्ण न सुकलेल्या तेलाच्या थरावर पाण्यातला ॲक्रिलिक रंग लावला की खालचा थर हलत राहतो आणि वरच्याला तडे जातात. सुकल्यावर ३२० नंबरने हलकेच घासा.

आता चाचणी. डब्याच्या तळाशी ब्लेडने फुलीची चीर पाडा, त्यावर सेलोटेप घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. टेपवर तांबडे कपचे आले तर पत्रा नीट स्वच्छ झालेला नव्हता. या टप्प्यावर सगळं काढून परत करणं परवडतं, सजावट झाल्यावर नाही.

डबा पुठ्ठ्याचा असेल तर रेड ऑक्साइड लागत नाही, पण पांढरा अस्तर-थर आतून आणि बाहेरून दोन्हीकडे द्या. एकाच बाजूला ओला थर दिला की सुकताना तो पुठ्ठा ओढतो आणि भिंत वाकते. एमडीएफच्या (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीच्या) डब्याला कापलेल्या कडा हा कच्चा दुवा असतो. त्या पाणी पिऊन फुगतात, म्हणून कडांना दोन हात जास्त.

घरचा जेसो आणि उठावाची लांबी (पुट्टी)

जेसो म्हणजे रंगाखालचा पांढरा अस्तर-थर. तो तयार मिळतो, पण एका डब्यासाठी घरी केलेला पुरतो. दोन चमचे पांढरा ॲक्रिलिक रंग, एक चमचा फेविकॉल आणि एक ते दीड चमचा चॉक पावडर. पावडर बारीक चाळणीतून किंवा जुन्या सुती कापडातून चाळून घ्या आणि ब्रशला सहज ओढता येईल एवढं पाणी थेंबाथेंबाने घाला. खडू आणि डिंक यांचा अस्तर-थर ही मुळात जुनी युक्ती आहे : ओडिशातल्या पट्टचित्रांचं कापड चिंचोक्याची खळ आणि खडू लावूनच तयार करतात. काम तेच, रंगाला धरायला खरखरीत आणि पांढरी जमीन देणं. रेड ऑक्साइडवर असे दोन पातळ हात द्या, दोन्हींमध्ये दोन तास.

उठावासाठी प्रमाण बदलतं : तीन मोठे चमचे चॉक पावडर, एक मोठा चमचा फेविकॉल, एक मोठा चमचा पांढरा ॲक्रिलिक. मिश्रण श्रीखंडाइतकं घट्ट हवं. चमचा उलटा केला तर पडायला नको. एवढ्या लांबीत साधारण ३०० चौरस सें.मी.वर १ मि.मी. जाडीचा थर बसतो, म्हणजे डब्याचा एक तृतीयांश भाग. त्याहून जास्त उठाव या आकाराच्या डब्यावर गर्दी करतो.

चॉक पावडरच्या जागी प्लास्टर ऑफ पॅरिस वापरू नका. ते पाणी लागताच जमायला लागतं, पंधरा-वीस मिनिटांत वाटीतच घट्ट होतं आणि वाकणाऱ्या पत्र्यावर ठिसूळ राहतं. चॉक पावडर जमत नाही, फक्त सुकते; उरलेली लांबी झाकणबंद बरणीत काही दिवस टिकते. एका थरात २ मि.मी.पेक्षा जाड लावलं तर वरची साय आधी सुकते, आतला भाग नंतर आकसतो आणि भेगा पडतात. जास्त उंची हवी असेल तर दोन थर, मध्ये एक रात्र. उन्हात ठेवून घाई केली तरी हेच होतं, वर तापलेल्या पत्र्यामुळे फुगे येतात ते वेगळंच. पंख्याखालची सावली बरी.

कागद आणि कापड

क्रम पातळाकडून जाडाकडे : कागद, कापड, लांबी, मग कडक वस्तू. उलट केलं तर उठावाच्या कडेला कागद कधीच नीट बसत नाही, खाली हवा राहते.

जुनं वर्तमानपत्र, लग्नपत्रिकेचे तुकडे, शिवणाच्या पॅटर्नचा कागद, पंचांगाची पानं, छापील टिश्यू नॅपकिन, सगळं चालतं. इंकजेट प्रिंट मात्र पाण्यातल्या डिंकाने पसरते. ती वापरायचीच असेल तर आधी पारदर्शक लॅकरचा हलका स्प्रे मारून सुकवा. लेझर प्रिंट किंवा झेरॉक्सला हा त्रास नाही. नॅपकिनचे दोन-तीन पदर असतात, त्यातला फक्त छापलेला वरचा घ्या. तो ओला झाला की जवळजवळ पारदर्शक होतो, म्हणून त्याच्याखाली पांढरीच जमीन हवी.

कागद कात्रीने कापू नका, फाडा. फाटलेली कड हळूहळू पातळ होत जाते आणि दोन-तीन थर रंगाखाली दिसेनाशी होते; कापलेली कड कितीही रंगवली तरी पायरी दिसत राहते. नॅपकिन किंवा पातळ कागद हव्या त्या आकारात फाडायचा असेल तर ओल्या ब्रशने रेघ मारा आणि त्या रेघेवर हलकेच ओढा.

चिकटवण्यासाठी तीन भाग फेविकॉल आणि एक भाग पाणी. जाडसर कागदाला मागून डिंक लावून दीड-दोन मिनिटं तसाच ठेवा. कागद ओला झाला की फुगतो. आधी फुगू दिला आणि मग बसवला तर सुकताना तो ताणला जाऊन सपाट होतो. लगेच बसवला तर डब्यावरच फुगतो आणि सुरकुत्या तयार होतात. मध्यापासून कडेकडे जुन्या एटीएम कार्डने हवा काढा, कार्ड आणि कागद यांच्यामध्ये प्लास्टिकची पिशवी ठेवून. गोलाईच्या कोपऱ्यांवर अखंड कागद घालू नका, २ सें.मी.च्या पट्ट्या एकमेकींवर चढवत न्या.

कापडाला पट्टीचं बँडेज फार कामाचं आहे. त्याची मोकळी वीण ताणून विस्कटली आणि पातळ फेविकॉलमध्ये बुडवून लावली तर रंगाखाली सुंदर पोत उठतो. खणाचे तुकडे किंवा जुन्या साडीची जरीची किनार लावायची असेल तर कापायच्या रेघेवर आधी फेविकॉल लावून सुकू द्या, मग कापा. धागे सुटत नाहीत. कापड रंग सोडतं का ते ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहा. लाल आणि जांभळा खण हमखास पांढऱ्या जमिनीवर डाग पाडतो.

स्टेन्सिल, वस्तू आणि त्यांना धरणारा डिंक

जुनी एक्स-रे फिल्म ब्लेडने कापून चांगला स्टेन्सिल होतो. ती लवचीक असते, धुता येते आणि गोल डब्यालाही बसते. आकार मोठे आणि सुटे ठेवा, रेषा ३ मि.मी.पेक्षा बारीक नको. स्टेन्सिल टेपने पक्का करा, कार्डाने लांबी एका दिशेने ओढा आणि लांबी ओली असतानाच स्टेन्सिल सरळ वर उचला. कडेला गळाल्यासारखं दिसलं तर लांबी पातळ आहे; एक चमचा पावडर वाढवा. स्टेन्सिल प्रत्येक वेळी धुऊन पुसा, नाहीतर मागच्या बाजूला लागलेली लांबी पुढच्या ठशावर डाग करते.

फुलं-पानं हवी असतील तर शिल्पकारसारखी दोन भागांची माती घ्या. पाकिटावरच्या प्रमाणात मळा, टाल्कम पावडर शिंपडलेल्या पोळपाटावर लाटा (हा पोळपाट पुन्हा स्वयंपाकाला वापरायचा नाही) आणि पानं २-३ मि.मी. जाडीची ठेवा. कच्च्या मिश्रणाने काही जणांच्या त्वचेला खाज येते, म्हणून हातमोजे घाला.

डाळ, तांदूळ, साबुदाणा, मसाल्याच्या काड्या चिकटवण्याची पद्धत सर्रास दिसते. ती रोजच्या डब्यासाठी आम्ही सुचवणार नाही. वार्निशखालीही दाण्यात कीड निघते आणि पावसाळ्यात बुरशी धरते. दाणेदार पोत हवा असेल तर धुतलेली बारीक वाळू किंवा अंड्याची टरफलं वापरा. टरफलाच्या आतला पातळ पापुद्रा मात्र पूर्ण काढा, वास त्याचाच येतो.

बटणं, किल्ल्या, घड्याळाची चाकं, आरसे फेविकॉलने चिकटवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. फेविकॉल सुकतो तो त्यातलं पाणी निघून गेल्यावर. एक बाजू कागदाची, कापडाची किंवा लाकडाची असेल तर पाणी तिथून जातं. पण काच आणि रंगवलेला पत्रा यांच्यामध्ये ते अडकून राहतं. कडा सुकतात, मधला भाग आठवडाभरानेही ओला असतो, आणि आरसा एक दिवस अलगद निघून येतो. अशा वस्तूंना ॲराल्डाइटसारखा दोन नळ्यांचा इपॉक्सी लावा, दोन्ही भाग समान. चिकटवायच्या जागेवरचा रंग ब्लेडने थोडा खरवडा, कारण इपॉक्सी रंगाला धरला तर वस्तू रंगासकट निघू शकते. बाजूंवर काम करताना डबा आडवा ठेवा, नाहीतर वस्तू रात्रीत खाली सरकतात.

चिकटवण्याआधी सगळ्या वस्तू झाकणावर मांडून मोबाइलवर फोटो काढा. फोटोत गर्दी लगेच कळते. झाकणाच्या एका कोपऱ्याकडून सुरू होऊन तिरका जाणारा एकच गुच्छ, त्यात मोठी एक वस्तू, मध्यम दोन-तीन आणि बाकी बारीक, आणि झाकणाचा निम्मा भाग शांत. सगळीकडे सारखं पसरलेलं काम पाहताना डोळा कुठेच थांबत नाही.

रंग : आधी सगळं एक करा

या टप्प्यावर डबा विचित्र दिसतो : पांढरी लांबी, पिवळट बँडेज, निळं बटण, पितळी किल्ली. बरेच जण इथेच थोडे थोडे रंग भरायला घेतात, आणि काम चिकटवलेल्या भंगाराचंच राहतं. जे कागद आणि खण दिसायला हवेत तेवढे सोडून बाकी सगळ्यावर एकच गडद रंग चढवा. चार भाग बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि एक भाग काळा, दोन हात, खाचाखोचांत बारीक ब्रशने. आरशांवर त्यांच्याच मापाच्या टिकल्या चिकटवून ठेवा, शेवटी काढता येतात.

पूर्ण सुकल्यावर कोरडा ब्रश. राठ केसांचा चपटा ब्रश घ्या, टोकाला किंचित रंग घ्या आणि जुन्या कापडावर इतका पुसा की आता ब्रशमध्ये काही उरलं नाही असं वाटेल. मग हलक्या हाताने उठावावरून फिरवा. रंग फक्त उंच भागांवर लागतो, खोलगट भाग गडद राहतात, आणि सावली आपोआप तयार होते. गेरू रंग आधी, मग पिवळा ऑकर कमी जागेत, मग मोतिया पांढरा अगदी टोकांवर. पट्टे दिसले तर ब्रशमध्ये रंग जास्त आहे. सोनेरी रंग सगळ्यात शेवटी, ब्रशने नाही तर बोटाच्या टोकाने, चार-पाच जागी. सोनेरी जास्त झालं की खालच्या तीन रंगांची सगळी मेहनत सपाट दिसते.

दिसत ठेवलेला कागद फार नवा आणि वेगळा वाटतो, म्हणून त्यावर बर्न्ट अंबरचा पातळ हात देऊन मिनिटाभरात ओलसर फडक्याने पुसा. रंग नुसत्या पाण्याने फार पातळ केला तर धरत नाही, भुकटीसारखा सुटतो. थोडं ॲक्रिलिक मीडियम किंवा पाण्यातलं वार्निश घाला.

तडे गेलेली जुनी जमीन हवी असेल तर सुकलेल्या गडद रंगावर न पातळ केलेला फेविकॉल लावा, दहा-पंधरा मिनिटांनी तो बोटाला चिकट लागला की वरून फिका ॲक्रिलिक रंग एकाच फटकाऱ्यात ओढा. परत ब्रश फिरवला की तडे बुजतात. हा प्रकार बाजूंवर करा, अंगठ्याच्या जागांवर नको.

वार्निश

फेविकॉलचा थर सुकल्यावर पारदर्शक आणि चकचकीत दिसतो, म्हणून तोच शेवटचा हात म्हणून दिला जातो. पण तो पाण्याने पुन्हा मऊ होतो. जुलैच्या हवेत असा डबा हाताला चिकटतो, धूळ पकडतो, आणि वर ठेवलेला कागद त्याला धरून बसतो. शेवटचा हात पाण्यातल्या ॲक्रिलिक वार्निशचाच हवा : तीन पातळ हात, प्रत्येकाच्या मध्ये तीन तास, दिशा आडवी-उभी बदलत. मॅट घेतलं तर उठावाच्या सावल्या नीट दिसतात. तेलातलं पीयू (पॉलियुरेथेन) वार्निश जास्त कणखर असतं, पण पांढऱ्या आणि मोतिया भागांवर पिवळी झाक आणतं. मुसळधार पावसाच्या दिवशी वार्निश करू नका. ओलावा थरात अडकून दुधी पडदा येतो. खोलगट जागी वार्निशचं तळं साचू देऊ नका, तेही पांढुरकं सुकतं.

शेवटचा हात पूर्ण कडक व्हायच्या आत, साधारण तासाभराने, मास्किंग टेप कमी कोनातून सावकाश ओढून काढा. अडलं तर कडेवरून ब्लेड फिरवा. मग टिकल्या काढा. झाकण दोन दिवस वेगळं ठेवा, आणि पहिले पंधरा दिवस डब्यावर काहीही ठेवू नका. वरून कोरडा वाटला तरी ॲक्रिलिक आतून कडक व्हायला तेवढा वेळ घेतं.

आतला पत्रा रंगवायची गरज नाही. तळाच्या मापापेक्षा चारी बाजूंनी २ मि.मी. लहान पुठ्ठा कापा, सुती कापडात गुंडाळून तळाशी सरकवा. चिकटवू नका, म्हणजे धुता येतो. सुयांसाठी झाकणाच्या आत चपटं चुंबक लावलं की पुरे, पत्रा ते स्वतःच धरतो. अशा रंगवलेल्या डब्यात खाऊ किंवा मसाला उघडा ठेवायचा नाही.

साफ करायला कोरडा मऊ ब्रश, फार तर घट्ट पिळलेलं फडकं. स्पिरिट किंवा काच पुसायचं द्रावण लावलं तर ॲक्रिलिक विरघळतं. तळाला चार कोपऱ्यांवर फेल्टचे तुकडे लावा. अंबरचं आणि मोतिया पांढऱ्याचं उरलेलं मिश्रण छोट्या बाटल्यांत नाव लिहून ठेवा, कारण कोपऱ्यांवर टवके आधी उडतात. पत्रा दिसू लागला की त्याच आठवड्यात तेवढी जागा ३२० नंबरने घासा, रेड ऑक्साइडचा ठिपका द्या, दुसऱ्या दिवशी रंग आणि त्यानंतर वार्निश. उशीर झाला तर गंज रंगाच्या खालून पसरत जातो, आणि मग नखाएवढ्या टवक्याऐवजी अख्खी बाजू उतरवावी लागते.